उसना पेशंट

घरात तिला सगळे ‘तपासनीस’ म्हणत. नाव नवऱ्याने चेष्टेत ठेवलं आणि मग शाईच्या डागासारखं ते बसलं, धुऊन निघेना. त्याला कारणही तसंच होतं. भागात घरोघरी फुकट टाकलं जाणारं एक साप्ताहिक होतं, त्यात ती ‘कुणाकडे जावं?’ हे सदर लिहायची. लॉण्ड्र्यांवर लिहायचं होतं तेव्हा तिने सारखेच डाग पाडलेले टेबलक्लॉथ सगळ्या लॉण्ड्र्यांत टाकून पाहिले होते. चष्म्याच्या दुकानांवर लिहिताना इतक्या ठिकाणी डोळे तपासून घेतले की शेवटी ते खरोखरच दुखायला लागले. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः गिऱ्हाईक होऊन जायचं आणि आपण कोण ते सांगायचं नाही, हा तिचा शिरस्ता. लोक सदर कापून ठेवत आणि दुकानदार तिच्या नावाने बोटं मोडत.

या वेळी संपादकांनी विषय दिला तो प्राण्यांच्या दवाखान्यांचा. कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांनी आजारी जनावर घेऊन नेमकं कुणाचं दार ठोठवावं, हे कुणीतरी एकदा नीट सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं. तिलाही ते पटलं. अडचण एकच होती. तिच्याकडे जनावर नव्हतं.

जनावर होतं खालच्या मजल्यावर, थोरल्या जावेकडे. तपकिरी अंगाचा आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला कुत्रा. त्या पट्ट्यावरूनच त्याचं नाव मफलर. वय झालेलं, थोबाड पांढरं पडलेलं, पण जेवणावर वासना दांडगी. जाऊ पडदे शिवायची. खालची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान आणि मफलरचा मुक्काम कापड कापायच्या लांबलचक टेबलाखाली, कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात. थोरले दीर जहाजावर, वर्षातले कितीतरी महिने बाहेर. त्यामुळे जावेच्या दिवसभराच्या गप्पा असत त्या मफलरशी. तोही मान तिरकी करून ऐकायचा आणि मध्ये बोलायचा नाही, हा त्याचा मोठा गुण, असं जाऊ म्हणे.

नेमकं त्याच आठवड्यात जावेला दुसऱ्या गावी एका हॉटेलचे पडदे लावायला जावं लागलं. जाताना तिने कुत्रा धाकट्या जावेच्या हवाली केला.

“दोन वेळा फिरव, खायला जास्त देऊ नकोस. तो तोंड वेंगाडेल, पण भुलायचं नाही. आणि काही वाटलं तर सावकाश डॉक्टरांना फोन कर. दुसऱ्या कुणाला नाही.”

“बरं ताई,” तपासनीस म्हणाली.

सावकाश डॉक्टर म्हणजे दोन गल्ल्या सोडून दवाखाना असलेले म्हातारे डॉक्टर. जनावराला हात लावायच्या आधी ते नेहमी “सावकाश, बाळा, सावकाश” असं म्हणायचे, त्यावरून लोकांनी हे नाव दिलं होतं. ‘दुसऱ्या कुणाला नाही’ हे जावेने कुणाला उद्देशून म्हटलं तेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या रस्त्यावर काचेच्या भिंतींचा एक मोठा दवाखाना होता. मफलरच्या आधीचा कुत्रा जावेने तिथे दात साफ करायला नेला होता, आणि भुलीतून तो उठलाच नाही. तेव्हापासून जाऊ त्या रस्त्याने जायची वेळ आली तर पलीकडच्या फुटपाथने जाई.

हे सगळं माहीत असूनही तपासनिसाच्या डोक्यात किडा वळवळला तो वळवळलाच. धडधाकट कुत्रा, वय झालेला, कुणीही मालकीण ‘एकदा तपासून द्या’ म्हणून नेईल असा. न्यायचा, दाखवायचा, आणायचा. त्याला टोचणार कोण आणि कापणार कोण? ताईंना कळायचंही कारण नाही.

पहिल्यांदा ती सावकाश डॉक्टरांकडेच गेली. ते मफलरला ओळखत होते, म्हणून “ताईंनी सांगितलंय एकदा बघून घ्यायला” अशी थाप मारावी लागली. छोटी खोली, रेक्झिन फाटलेलं बाकडं, फिनेलचा वास. डॉक्टरांनी कुत्र्याशी गप्पा मारत मारत कान पाहिले, दात पाहिले, पोट दाबलं, छातीला नळी लावली. “ठणठणीत आहे. वजन थोडं उतरवा,” म्हणाले. दुसरा डॉक्टर तरुण होता. तो व्हॅन घेऊन घरोघर हिंडायचा. त्याने जिन्यातच तपासलं, सतत हसला, आणि ठणठणीत म्हणून निघून गेला.

काचेच्या दवाखान्यात ती शेवटी गेली आणि खरं सांगायचं तर कमरेला पदर खोचूनच गेली. तिथले लोक नाही नाही त्या तपासण्यांचं लचांड मागे लावतात, असं तिने अनेकांकडून ऐकलं होतं. धडधाकट कुत्रा नेऊन ते रंगेहाथ पकडायचं, हा सदराचा खरा मसाला होता.

आत थंडगार हवा, टोकन, मांजरांसाठी वेगळी बाकं, भिंतीवर पडद्यात पोहणारे मासे. डॉक्टरीणबाई उंच, तुटक बोलणारी. तिने हसून वगैरे वेळ घालवला नाही. कुत्र्याचं वय विचारलं आणि म्हणाली, “पोटाची सोनोग्राफी करून घेऊ.”

‘आलं लचांड,’ तपासनीस मनात म्हणाली.

मफलरला कुशीवर निजवलं. पोटावर गार चिकट लेप लागल्यावर त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, हे तुला चालतंय का अशा नजरेने. मशीन पोटावरून फिरलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा थांबलं. डॉक्टरिणीने बटणं दाबून काहीतरी मोजलं. मग तिने पडदा वळवून दाखवला. करड्या धुक्यात एक काळसर गोळा होता.

“ही प्लीहा. तिच्यावर गाठ आहे, मोठ्या लिंबाएवढी. वाईट आहे की साधी, ते काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. पण फुटली तर आतल्या आत रक्तस्राव होईल. कधी फुटेल सांगता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर उद्या ऑपरेशन करून घेतलं असतं.”

आणि त्या क्षणी तपासनिसाला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला याच गोष्टीची लाज वाटत राहिली. सापडले, असं वाटलं तिला. दोघांनी ठणठणीत म्हटलेला कुत्रा, आणि इथे लगेच सुरी बाहेर. सदराचं शीर्षकसुद्धा डोळ्यांपुढे आलं.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

“करा. पण तोवर त्याला पळवू नका. जिने नकोत, उड्या नकोत.” डॉक्टरिणीने पडद्यावरच्या चित्राची प्रत तिच्या हातात दिली. “आणि हिरड्या बघत राहा. पांढऱ्या पडल्या तर फोनही करू नका. सरळ घेऊन या.”

बाहेर आल्यावर मफलरने नेहमीप्रमाणे पट्टा ओढला. पलीकडे कुणाचा तरी चेंडू घरंगळत चालला होता, त्याच्यामागे जायचं होतं त्याला. तिने पट्टा गच्च धरला. खोटं असेल तर हरकत नाही, पण खरं असेल तर? फुटपाथवरून तो टुणकन खाली उतरला आणि ‘उड्या नकोत’ हे तिला आठवलं. घर येईपर्यंत ती त्याच्या चालण्याकडेच बघत राहिली. शेपूट वर, नाक जमिनीला, प्रत्येक खांबाशी सविस्तर चौकशी. याच्या पोटात मृत्यू बसलाय असं कोण म्हणेल? आणि नसलाच बसला, तर कोणत्या तोंडाने ती बाई असं सांगते?

घरी न जाता ती परत सावकाश डॉक्टरांकडे वळली. या वेळी थापा मारण्यात अर्थ नव्हता. तिने सगळं सांगितलं, सदरासकट, आणि चित्र पुढे ठेवलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. चित्राकडे बघायच्या आधी त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“म्हणजे सकाळी तुम्ही माझी परीक्षा घेत होतात.”

तिने चित्र त्यांच्याकडे आणखी सरकवलं.

“घ्या की. हरकत नाही. पण सांगून घेतली असतीत तर मी काही वाईट तपासलं नसतं,” ते म्हणाले. मग ते खाली बसले आणि मफलरचं पोट पुन्हा दाबून पाहू लागले. या वेळी गप्पा नव्हत्या. बोटं खूप हळू, खूप आत जात होती. मफलर जांभई देऊन उभा राहिला.

“मला काही लागत नाही,” ते शेवटी म्हणाले.

“म्हणजे खोटं बोलतायत ते?”

“मी तसं म्हटलेलं नाही.”

“हे चित्र मफलरचंच कशावरून? दुसऱ्याच कुठल्या कुत्र्याचं दाखवत असतील.”

“तुमच्या समोर काढलं ना?”

“हो.”

“मग त्याचंच.” डॉक्टर गुडघ्यावर हात टेकून उठले. “ते लोक मला आवडत नाहीत. माझी अर्धी गिऱ्हाइकं त्यांनी नेली, आवडायचं कारण नाही. पण प्लीहा बरगडीच्या आड असते, आणि हा जाड्या. माझा हात तिथवर पोचत नाही. माझ्याकडे मशीन नाही. गाठ आहे म्हणूनही सांगत नाही आणि नाही म्हणूनही सांगत नाही. त्याच्या मालकिणीला कळवा. आजच.”

आजच कळवायचं, पण कोणत्या शब्दांत? वर येऊन ती फोन हातात घेऊन बसली. ‘ताई, एक सांगायचं होतं’ इथवर मनात जुळवायची आणि पुढे गाडी अडायची. नवरा संध्याकाळी आला, त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.” एरवी ती त्याला सोडती ना. आज तिने फोन नुसता या हातातून त्या हातात घेतला.

तिच्या आधी फोन वाजला तो जावेचा.

“मफलरचं कसलं ऑपरेशन?” आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं.

“ताई, तुम्हाला कसं—”

“त्या दवाखान्याचा मेसेज आलाय मला. ‘आपल्या मफलरच्या शस्त्रक्रियेसाठी संपर्क साधावा.’ मी शिडीवर उभी होते, हातात पडदा होता.”

तपासनिसाच्या लक्षात आलं. टोकन घेताना तिने घराचा पत्ता दिला होता, आणि त्या पत्त्यावर दवाखान्याच्या कॉम्प्युटरात जावेचा फोन नंबर अजून तसाच होता. आधीच्या कुत्र्याच्या वेळचा.

तिने सांगितलं. काही झाकलं नाही. पलीकडे हॉटेलात कुणीतरी ठोकाठोक करत होतं, तेवढाच आवाज येत राहिला.

“त्याला काही टोचलं? झोपवलं?”

“नाही, ताई. फक्त पोटावरून मशीन फिरवलं.”

“मी उद्या येते. तोवर त्याला कुठे नेऊ नकोस. फिरायलाही मी येईपर्यंत अंगणातच ने.” आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊ आली ती बॅग दारातच टाकून टेबलाखाली वाकली. मफलर बाहेर आला, तिच्या भोवती गिरक्या घेतल्या, तिचे हात चाटले, बॅग हुंगली. जावेने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं, मग त्याला ताटलीत खायला घातलं. त्याने ताटली लखलखीत केली. तपासनीस जिन्याच्या तोंडाशी उभी होती. आत ये म्हणून कुणी म्हणालं नव्हतं.

“हा आजारी दिसतो तुला?” जावेने विचारलं.

“नाही, ताई. पण चित्रात—”

“चित्र दाखवू नकोस मला. त्या वेळीही त्यांनी चित्रं दाखवली होती. दातांची. इतकं साधं काम आहे म्हणाले, दुपारी घेऊन जा. मी दुपारी गेले तर पिशवीत घालून दिला.” ती कापडाचे तुकडे उचलून घड्या घालायला लागली, ज्यांच्या घड्या घालायचं काही कारण नव्हतं. “तुला माहीत होतं हे.”

“होतं.”

“आणि तरी नेलंस. तुझ्या त्या सदरासाठी.”

“चूक झाली माझी.”

“चूक म्हणजे मीठ जास्त पडतं ती गं. माझं कुत्रं म्हणजे काय डाग पाडलेला टेबलक्लॉथ वाटला तुला? पाच ठिकाणी टाकून बघायचा?”

तपासनीस मान खाली घालून उभी राहिली. जावेचं बोलणं शब्दन् शब्द खरं होतं. पण त्याचबरोबर बरगडीआडचा तो काळसर गोळाही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

“ताई, मला हवं ते बोला. आयुष्यभर बोलू नका माझ्याशी. पण दुसऱ्या गावी नेऊन एकदा दुसऱ्या मशीनवर बघून घेऊ. तिथेही काही निघालं नाही, तर मी त्या दवाखान्याबद्दल असं लिहीन की—”

“तू लिहू नकोसच काही,” जाऊ म्हणाली, आणि मध्येच थांबली. “मफलर?”

तो ताटलीपासून टेबलाकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत उभा राहिला. मागचे पाय जरा फाकले, आपण कुठे चाललो होतो ते विसरल्यासारखं त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि तो बसला. बसला म्हणजे कोसळलाच, फक्त हळूहळू. मग मानही जमिनीला टेकली.

जाऊ त्याच्याशेजारी गुडघ्यांवर होती. तपासनिसाने पुढे होऊन त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

“ताई, हेच. हेच सांगितलं होतं तिने. रक्त जातंय आत.”

“सावकाश डॉक्टरांना लाव.” जावेचा आवाज ओळखू येत नव्हता. “त्यांनाच लाव.”

फोन लागला. तपासनिसाने तो जावेच्या कानाशी धरला, कारण तिचे हात कुत्र्याच्या अंगावरून निघत नव्हते. जावेने सांगितलं, ऐकलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“काय म्हणाले?”

“माझ्याकडे आणू नका म्हणाले. वेळ जाईल. काचेच्या दवाखान्यात न्या म्हणाले.” तिने मफलरच्या कानावरून हात फिरवला. “आणखी काहीतरी विचारलं. मला काही कळलं नाही. मी हो म्हटलं.”

मग ती उठली, टेबलावरचा जाड अस्तराचा पडदा ओढला, खाली पसरला, आणि दोघींनी मिळून मफलरला त्यावर घेतला. चार टोकं दोघींच्या चार हातांत. गाडी तपासनिसाने चालवली. जाऊ मागे बसली, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन. सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा मागून काही आवाज येतोय का, याकडे तपासनिसाचे कान लागले. जाऊ हळू आवाजात बोलत होती. पडद्यांबद्दल. हॉटेलच्या खिडक्या कशा वाकड्या निघाल्या, मापं कशी चुकली, मालक कसा कटकट्या. रोजच्यासारखंच.

काचेच्या दारात त्यांना कुणी टोकन विचारलं नाही. डॉक्टरीण बाहेर आली, हिरड्या पाहिल्या, पोटात सुई घालून थोडं काढून पाहिलं. सिरिंजमध्ये लाल आलं.

“फुटली आहे. आत्ता घ्यावं लागेल. मालक कोण, तुम्ही?”

“मी,” जाऊ म्हणाली. “आमचा आधीचा कुत्रा इथे गेला होता. दात साफ करताना.”

डॉक्टरिणीचे हात थांबले. “काळा, एक कान दुमडलेला. भूल मीच दिली होती.”

जावेने मफलरचं डोकं आणखी जवळ ओढलं.

“त्याचं हृदय दुबळं होतं. आम्ही आधी पाहिलं नव्हतं, पाहायला हवं होतं. तेव्हापासून वयस्क जनावर आलं की आम्ही आतून बघितल्याशिवाय सोडत नाही. लोक म्हणतात, उगाच मशीन फिरवतात.” तिने संमतीचा कागद पुढे केला. “तुम्हाला दुसरीकडे न्यायचं असेल तर मला वाईट वाटणार नाही. पण तेवढा वेळ त्याच्याकडे नाही.”

जावेने कागद वाचला नाही. सही केली. पेन परत देताना म्हणाली, “या वेळी सगळं बघा.”

“बघते. पण रक्त लागेल. आमच्याकडचं संपलंय. एखादा मोठा, तरुण कुत्रा हवा. मी ओळखीच्या मालकांना फोन लावायला सांगितलेत, एक गावाला गेलाय, एक उचलत नाही.”

बोलता बोलता काचेचं दार उघडलं आणि सावकाश डॉक्टर आत आले. एरवी पाय जपून टाकणारे, आता धापा टाकत. त्यांच्या हातातल्या पट्ट्याला वासराएवढा एक पिवळसर कुत्रा होता, त्यांचा स्वतःचा. त्याला सगळे पैलवान म्हणत.

“हा चालेल,” ते डॉक्टरिणीला म्हणाले. “मागच्याच महिन्यात सगळं तपासलंय. यांना मी फोनवर विचारलं होतं, आणला तर चालेल ना म्हणून.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच भागात इतकी वर्षं दवाखाने चालवून बहुधा पहिल्यांदाच समोरासमोर आले असावेत.

“आत या,” डॉक्टरीण म्हणाली. “तुम्हीच धरा त्याला. अनोळखी माणसाने धरण्यापेक्षा बरं.”

आतल्या खोलीतून “सावकाश, बाळा, सावकाश” असं ऐकू आलं आणि दार बंद झालं.

मग थांबणं. जाऊ एका बाकावर, तपासनीस समोरच्या. भिंतीवर मासे पोहत होते. आपण तिच्याशेजारी जाऊन बसावं की नाही, हे तपासनिसाला ठरवता येईना. गेलं तर ती उठून जाईल, नाही गेलं तर माणुसकी नाही. शेवटी ती मशीनमधून चहाचे दोन कप घेऊन आली आणि एक जावेपुढे धरला. जावेने घेतला. प्यायली नाही, पण धरून बसली.

एक गृहस्थ खोक्यात ससा घेऊन तपासनिसाशेजारी टेकले. ससा खात नव्हता म्हणे. त्यांनी इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, “का हो, इथले चांगले आहेत का? का त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जावं? कुणीच धड सांगत नाही.”

आयुष्यभर ज्या प्रश्नाची उत्तरं ती बिनदिक्कत देत आली, तो प्रश्न होता.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

समोरून जावेने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

सावकाश डॉक्टर पैलवानला घेऊन बाहेर आले. पैलवानच्या मानेला पट्टी होती आणि तो बिस्किटासाठी त्यांच्या खिशाला नाक लावत होता. ते जावेशेजारी बसले.

“झालं?” जावेने विचारलं.

“चाललंय. मी पाहिलं थोडा वेळ.” त्यांनी पैलवानला बिस्किट दिलं. “हात चांगला आहे तिचा. माझ्याच्याने झालं नसतं हे.” मग ते म्हणाले, “मी ठणठणीत म्हणालो होतो त्याला. तेही सांगून ठेवतो.”

जावेने गार झालेला चहाचा कप त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो पिऊन टाकला.

बाहेरचे दिवे लागायच्या सुमारास डॉक्टरीण आली. कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. तिला पाहून जाऊ उभी राहिली, आणि तपासनीसही, आणि ससेवाले गृहस्थसुद्धा, कारण नसताना.

“जिवंत आहे,” डॉक्टरीण म्हणाली. “पोटात बरंच रक्त होतं. मध्ये एकदा हृदयाचे ठोके इतके उतरले की मी घाबरले. पण सावरला. रात्र काढू दे, मग खरं. प्लीहा काढलीय, तिच्याशिवाय जगता येतं. गाठ तपासायला पाठवतेय.”

जाऊ खाली बसली. रडली नाही. पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली आणि शोधतच राहिली. तेव्हा मात्र तपासनीस उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. जाऊ सरकली नाही.

मफलरने रात्र काढली. चौथ्या दिवशी तो घरी आला, पोट सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं. त्या नरसाळ्याने त्याने जावेच्या दुकानातल्या सगळ्या ताग्यांना धडका दिल्या. गाठीचा निकाल यायला वेळ लागला. ते दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. निकाल आला तो साधी गाठ म्हणून. रक्त साकळून झालेली. कॅन्सर नव्हता. जावेने जहाजावर फोन लावला आणि दिराशी बोलता बोलता ती हसली, ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

पण तपासनिसाशी तिचं बोलणं कामापुरतंच राहिलं. पाणी आलं का, पोस्टमन येऊन गेला का, एवढंच. तुझ्यामुळे वाचला असं ती कधी म्हणाली नाही, आणि तपासनिसानेही तशी अपेक्षा धरली नाही. तिने काही वाचवायला नेला नव्हता.

संपादक सदरासाठी मागे लागले होते. “पहिला, दुसरा, तिसरा, असे नंबर द्या. वाचकांना नंबर हवे असतात.”

“नंबर नाही देता येणार,” तिने सांगितलं. “एका कुत्र्यावरून कुणाला पहिला करू आणि कुणाला नापास करू?”

ते चिडले, पण जागा रिकामी ठेवायची त्यांची तयारी नव्हती. तिने लिहिलं ते असं, की कोणत्या दवाखान्यात काय होतं आणि काय होत नाही, कुणाकडे मशीन आहे, कुणाकडे नाही, हिरड्या कशा बघायच्या, रक्त लागलं तर काय करायचं. काचेच्या दवाखान्यात पूर्वी एका कुत्र्याच्या बाबतीत काय राहून गेलं तेही लिहिलं आणि त्यानंतर ते काय करतात तेही. शेवटी लिहिलं, की यासाठी वापरलेला कुत्रा लेखिकेचा नव्हता, मालकिणीला विचारलं नव्हतं आणि असं कुणी करू नये. छापायला द्यायच्या आधी ती कागद घेऊन खाली गेली आणि टेबलावर ठेवून आली. संध्याकाळी कागद जिन्यात परत ठेवलेला होता. जावेने एकच दुरुस्ती केली होती. ‘वृद्ध कुत्रा’ असं होतं, त्यातलं ‘वृद्ध’ खोडलं होतं.

टाके निघाले, पोटावर केस यायला लागले. एके दिवशी तपासनीस बाहेर जायला निघाली तर जाऊ दारात उभी, हातात पट्टा.

“मला झालरीचं कापड आणायला जायचंय. दुकान बंद व्हायच्या आत पोचायला हवं,” ती म्हणाली. “याला फिरवून आण.” आणि पट्टा सोडता सोडता पुढे म्हणाली, “नुसतं फिरवून.”

“नुसतं फिरवून, ताई,” तपासनीस म्हणाली.

तिने त्याला नदीकडच्या रस्त्याने नेलं. तो रमतगमत चालला, एका सायकलवाल्यावर भुंकला, दोन झाडांपाशी थांबला, आणि दमला तेव्हा मध्येच खाली बसला. ओठ वर करून तिने हिरड्या पाहिल्या. गुलाबी होत्या. तो तिच्याकडे कंटाळून बघत होता. मग तीही त्याच्याशेजारी कठड्यावर बसली, त्याला उठावंसं वाटेपर्यंत.